सरकारी काम आणि खासगी काम : एकाच इमारतीचं व्यवस्थापन दोन्हीकडे कसं बदलतं?

खडीकरण

या विषयावर चर्चा सुरू झाली की ती "सरकारी काम रखडतं, खासगी पटकन होतं" यावर येऊन थांबते. खासगी बांधकामातून सरकारी निविदांकडे वळणाऱ्या तरुण अभियंत्यांना त्याचा काही उपयोग नाही. म्हणून एकच इमारत समोर ठेवूया. तळमजला अधिक तीन मजले, आरसीसी सांगाडा, खर्च साधारण १२ कोटी. एकदा ती एमआयडीसीच्या भूखंडावर एखाद्या कंपनीचं कार्यालय म्हणून बांधायची, एकदा सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत तालुक्याचं प्रशासकीय भवन म्हणून. सिमेंट तेच, सळई तीच, काँक्रीटचं मानक आयएस ४५६ तेच. मग बदलतं काय?

पहिला फरक पहिली कुदळ पडण्याच्या आधीच दिसतो. सरकारीत साखळी ठरलेली आहे : दरसूचीवरून (सरकारने ठरवलेल्या दरांच्या यादीवरून) अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावली २०१७ मधल्या नियम १३६ मध्येही हेच आहे. मान्यता, तपशीलवार संकल्पचित्र, अंदाजपत्रक आणि त्या वर्षाचा निधी हातात नसेल तर काम सुरू करायचं नाही, देणंही अंगावर घ्यायचं नाही. खासगीत मालक, वास्तुविशारद आणि पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) एका बैठकीत ठरवतात, ईमेलवर इरादापत्र जातं आणि फक्त पायाची चित्रं अंतिम झालेली असताना खोदाई सुरू होते. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या कुठल्या, हे चार महिन्यांनी ठरलं तरी चालतं.

सरकारी कामात ते चालत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक यातूनच निघतो. तिथे मत बदलायला नव्याने मान्यता लागते. त्यामुळे निविदेआधी जे ठरलं नाही, ते पुढे प्रत्येक वेळी फाईल होऊन फिरतं. जाणकारांनी आपापल्या भागातलं नेमकं लिहावं.

मोजणीदार

खडीकरणजी, चांगला धागा. मोजमाप पुस्तिकेपासून, म्हणजे एमबीपासून सुरुवात करतो, कारण खासगीतून आलेला माणूस पहिला मार इथेच खातो.

खासगीत संयुक्त मोजमापाचा तक्ता एक्सेलमध्ये असतो. चूक झाली तर पुढच्या आरए बिलात, म्हणजे चालू कामाच्या पुढच्या हप्त्याच्या बिलात दुरुस्त होते. एमबी हा मूळ लेखा दस्तऐवज आहे. पानं क्रमांकित, नोंद शाईने, खोडरबर नाही. चुकलं तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा आणि बाजूला तारखेसह सही. पान फाडायचं नाही. काही विभागांत आता ई-एमबी आली आहे, पण तत्त्व तेच : मोजमाप झालं त्या दिवशीचं आणि जागेवरचं हवं.

खोदाईचं उदाहरण घ्या. पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थराचं, म्हणजे पीसीसीचं माप २.० × २.० मीटर, खोली १.८ मीटर. कागदावर ७.२ घनमीटर. प्रत्यक्षात शटरिंगला जागा आणि कडेला उतार ठेवून खड्डा २.६ × २.६ होतो, म्हणजे १२.१७ घनमीटर. असे ४८ पाये असतील तर तफावत सुमारे २३८ घनमीटर. बहुतेक सरकारी विनिर्देशांत पैसे पीसीसीच्या मापानेच मिळतात, जास्तीची खोदाई आणि तिची भराई ठेकेदाराची. दर भरतानाच हे वाचलेलं हवं.

दुसरी गोष्ट थर. माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक यांचे दर वेगळे, आणि खड्डा बुजला की थर कुणालाच दाखवता येत नाही. क्रम असा ठेवा :

- खोदाईआधी ५ मीटरच्या चौकटीने मूळ पातळ्या घ्या, लेव्हल बुकात दोघांच्या सह्या.
- थर बदलला की तिथेच थांबून पातळी घ्या आणि टेप धरून फोटो काढा.
- तळ उपअभियंत्यांकडून पास करून घ्या, नोंद त्याच दिवशी.
- एमबीत नोंद झाल्याशिवाय पीसीसी ओतू नका, भराई तर नाहीच.

गडबड होते ती आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी दारात आली म्हणून संध्याकाळी पीसीसी उरकण्यात. नंतर खडकाचं मोजमाप मागितलं तर शाखा अभियंता चित्रातल्या मापापलीकडे जाऊ शकत नाही. त्याची इच्छा असली तरी त्याच्याकडे पुरावा नसतो.

सळईचंही तसंच. वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने, म्हणजे १२ मिमीला मीटरमागे ०.८८८ किलो. लॅप (दोन सळयांच्या जोडावरचा एकावर एक भाग) आणि खुर्च्या (वरची जाळी उचलून धरणाऱ्या सळया) मंजूर बार बेंडिंग शेड्यूलमध्ये, म्हणजे सळईच्या कापणी-वाकवणीच्या तक्त्यात दाखवल्या असतील तर धरल्या जातात, कापणीतली घट दरात धरलेली असते. शेड्यूल मंजूर नसताना स्लॅब ओतला तर लॅपवरून वाद ठरलेला.

लेखाशीर्ष

आता पैशाचं. कार्यारंभ आदेश १२ कोटींचा असला म्हणून या वर्षी १२ कोटी उपलब्ध आहेत असं नाही. त्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली) तुमच्या कामाला यंदा ३ कोटी असू शकतात. उरलेलं पुढच्या अर्थसंकल्पात किंवा पावसाळी-हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांतून. निधी बीम्स या राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित झाल्याशिवाय कोषागारात बिल पास होत नाही, एमबी कितीही चोख असो.

म्हणून बार चार्ट आणि निधीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवा. सांगाडा तरतुदीपेक्षा पुढे पळवला तर ती रक्कम ठेकेदाराच्या खिशातून व्याजाने उभी राहते. खासगीत वेग वाढवला की बहुधा फायदा होतो. इथे वेग निधीच्या पुढे गेला तर तोटा. कार्यकारी अभियंत्यांच्या लेखा शाखेत विचारा : यंदाची तरतूद किती, त्यातली वितरित किती, जुनी देयकं किती थकली आहेत? तिसरा आकडा कळला तर आपला नंबर कधी लागेल याचा अंदाज येतो.

मार्च एन्डचं नियोजन जानेवारीत करा. ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते. शेवटच्या आठवड्यात विभागीय कार्यालय आणि कोषागार दोन्हीकडे गठ्ठे पडलेले असतात. मोजमापं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, चाचणी अहवाल सोबत, बिल फेब्रुवारीअखेर विभागात, हे वेळापत्रक पाळता येतं.

१ कोटीच्या कामाचा हिशेब मांडतो. त्यावर जीएसटी १८ टक्के (१८ जुलै २०२२ आधी बऱ्याच सरकारी कामांना १२ होता), म्हणजे बिल १.१८ कोटी. त्यातून कंपनी असेल तर आयकर टीडीएस २ लाख, जीएसटी टीडीएस २ लाख, कामगार कल्याण उपकर १ लाख आणि सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर ५ लाख. खात्यात १.०८ कोटी येतात. त्यातही जीएसटीचा भरणा करायचा आहे. तो खरेदीवरचं क्रेडिट आणि कापलेला जीएसटी टीडीएस वजा करून. वाळू, मुरूम, खडीच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या जोडल्या नाहीत तर तीही कपात. पावती प्रत्येक गाडीसोबत घ्या. खाणपट्टाधारकाकडून सहा महिन्यांनी एकगठ्ठा पावत्या मिळत नाहीत.

केंद्र सरकारच्या कामांत थोडा दिलासा आहे. वित्त मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे पात्र आरए बिलाच्या किमान ७५ टक्के रक्कम बिल दिल्यापासून १० कामकाजी दिवसांत आणि उरलेली तपासणी करून बिल दिल्यापासून २८ कामकाजी दिवसांत द्यायची आहे. केंद्राच्या कामावर असाल तर बिलाच्या पोचपावतीवर तारीख घ्यायला विसरू नका.

वास्तुरेखा

लेखाशीर्ष दादांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. पण खासगीचं चित्र इथे जरा जास्तच गुलाबी रंगवलं जातंय, म्हणून पीएमसीच्या बाजूने लिहिते.

खासगीत पैसे वेळेवर येतातच असं नाही. सरकारी देयक उशिरा येतं, पण सरकार दिवाळखोरीत निघत नाही. कंपनी निघते. मग दिवाळखोरी संहितेखाली ठेकेदार हा कार्यात्मक धनको (माल किंवा सेवेचे पैसे येणं असलेला) ठरतो आणि बँकांच्या मागे उभा राहतो. अर्ज करायलाही थकबाकी किमान १ कोटी हवी, मार्च २०२० पासून. त्यामुळे खासगी काम घेताना विचारायचं की प्रकल्पाला कर्ज मंजूर आहे का, हप्ते कशावर सुटतात आणि बँकेचा अभियंता कधी भेट देतो. त्याच्या भेटीनंतर हप्ता सुटत असेल तर आपलं बिल त्या भेटीच्या आधी तयार हवं.

दुसरं दुखणं तोंडी बदलांचं. मालक जागेवर येतात, ही भिंत काढा म्हणतात, भिंत जाते. अंतिम बिलात त्या भिंतीचे पैसे, पाडण्याचे पैसे आणि वाया गेलेले आठ दिवस, तिन्ही वादात सापडतात. उपाय साधा आहे. जागेवर सूचना मिळाली की २४ तासांत ईमेल : कोणी सांगितलं, काय सांगितलं, दर कुठला, वेळेवर परिणाम किती दिवसांचा. उत्तर आलं नाही तरी तो कागद उभा राहतो. सरकारी कामाची सवय असलेले ठेकेदार हे आपोआप करतात, आणि म्हणून खासगीत त्यांची अंतिम बिलं कमी अडतात.

स्थापत्य_नवखा

एक शंका. सरकारीत सगळ्यात कमी दर आला की त्यालाच काम द्यावं लागतं, वाटाघाटी अजिबात नाहीत, हे खरं का? आणि २० टक्के बिलो, म्हणजे दरसूचीच्या खाली जाऊन काम होतं कसं?

खडीकरण

वाटाघाटी अगदी बंद नाहीत, पण वाट अरुंद आहे. केंद्रीय दक्षता आयोगाच्या मार्च २००७ च्या परिपत्रकानुसार निविदा उघडल्यावर बोलणी फक्त एल-वनशी, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याशी आणि तीही अपवादात्मक परिस्थितीत, कारण लेखी नोंदवून. खासगीत तिघांना बसवून प्रत्येकाला दुसऱ्याचा दर सांगितला जातो किंवा उलटा लिलाव घेतला जातो. सरकारीत असा एकाचा दर दुसऱ्याला सांगितला तर निविदाच रद्द होऊ शकते.

बिलोचं गणित निविदेच्या नमुन्यावर ठरतं. महाराष्ट्रात बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा : दरसूचीवरच्या सगळ्या बाबींना एकच टक्का लागतो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरायचा. बी-१ मध्ये १५ टक्के बिलो गेलात तर सळईसुद्धा १५ टक्के बिलो झाली, आणि सळईत तेवढा वाव नसतोच. म्हणून प्रत्येक बाबीचं दरविश्लेषण करून प्रमाणाने गुणा. सांगाड्यात तोटा आणि फिनिशिंगमध्ये नफा असं निघालं तर पहिलं वर्षभर पैसा घालतच राहावा लागणार. तो कुठून येणार याचं उत्तर नसेल तर निविदा भरू नये.

फार खाली दर गेला की अतिरिक्त कामगिरी अनामत भरावी लागते. ती रक्कम काम संपेपर्यंत खेळत्या भांडवलातून बाहेर राहते. २०२१ च्या केंद्रीय सूचनांनी काही कामांत गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के भार द्यायची मुभा दिली, पण तालुक्याच्या इमारतीपर्यंत ते क्वचितच पोचतं.

बंधारा

खडीकरणजींनी पहिल्या पोस्टमध्ये मत बदलण्याबद्दल लिहिलं, ते पुढे नेतो. बी-१ मधलं कलम ३८ प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापकाच्या टेबलावर असायला हवं. एखाद्या बाबीचं प्रमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर मूळ दरच. त्यापुढचं प्रमाण आणि त्याची किंमत ५,००० रुपयांच्या वर गेली की जास्तीच्या प्रमाणाला नवा दर. निविदेत नसलेली बाब आली तर अतिरिक्त बाबीची दरयादी, जिला बोलीभाषेत ईआयआरएल म्हणतात, सक्षम अधिकाऱ्याकडून मंजूर व्हावी लागते. आधी काम आणि नंतर ईआयआरएल हा सगळ्यात महागात पडणारा क्रम. काम झालेलं असतं, पण दर मंजूर नसल्याने ते बिलात येत नाही आणि वर्ष निघून जातं.

एकूण खर्च प्रशासकीय मान्यतेच्या १० टक्क्यांपलीकडे गेला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा. पाटबंधाऱ्यात हा शब्द शेतकऱ्यांनाही पाठ आहे. गोसीखुर्द ३७२ कोटींचा प्रकल्प म्हणून मंजूर झाला आणि १८ हजार कोटींच्या पुढे गेला. भूसंपादन, पुनर्वसन, महागाई, व्याप्तीतले बदल सगळं त्यात आहे. पण वितरिकांपर्यंतचं सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी धरणाची कामं निघणं हे मूळ दुखणं अनेक प्रकल्पांत सारखंच दिसतं. भिंत उभी राहते, पाणी अडतं, आणि ज्याच्या नावाने मान्यता घेतली त्याच्या शेतात ते पोचत नाही. हे वाईट वाटण्यासारखंच आहे.

इमारतीच्या पातळीवर उपाय हातात आहे. प्रमाणं फुगतात ती बहुतेक वेळा जमिनीखाली. आयएस १८९२ सांगतो की ०.४ हेक्टरच्या आसपासच्या आटोपशीर इमारत-भूखंडाला चार कोपऱ्यांत एकेक आणि मध्ये एक असे (माती तपासणीचे) बोअर पुरेसे आहेत. पाच बोअरचा खर्च १२ कोटींत नगण्य आहे. तरी अंदाजपत्रक शेजारच्या इमारतीच्या पायावरून बनतं, काळी माती निघते, पाये बदलतात आणि पहिल्याच महिन्यात कलम ३८ उघडावं लागतं. माझं ठाम मत आहे की बोअरचा अहवाल जोडल्याशिवाय तांत्रिक मान्यतेची फाईल पुढे जाऊच नये.

मोजणीदार

बंधारा यांच्याशी शंभर टक्के सहमत. निविदापूर्व बैठकीत ठेकेदारानेही बोअर लॉग (बोअरमध्ये निघालेल्या थरांची नोंद) मागावा. लेखी मागितला तर शुद्धिपत्रकात उत्तर द्यावं लागतं आणि ते कराराचा भाग होतं.

घाटमाथा

मुदतीबद्दल कुणी लिहिलं नाही. निविदेत "१८ महिने, पावसाळ्यासह" असं असेल तर नेहमीच्या पावसासाठी मुदतवाढ मिळत नाही. तो एक शब्द न वाचता कार्यक्रम बनवला तर चार महिने आधीच गेले.

अडथळा नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, कारण, कुठलं काम थांबलं, अडथळा कधी संपला, दोघांच्या सह्या. जागेतलं झाड, महावितरणचा खांब, जुन्या इमारतीतलं न हललेलं कार्यालय, ही नेहमीची कारणं. झाडाला शहरी भागात १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते आणि खांब हलवायला आधी रक्कम भरावी लागते. ती रक्कम अंदाजपत्रकात धरली आहे का हे बघा, नसेल तर ती स्वतंत्र फाईल. नोंदवही नसेल तर मुदत संपल्यावर विलंबाची भरपाई कलम २ खाली ठेकेदाराच्या माथी येते, कारण खांब कोणत्या तारखेला हलला हे तेव्हा कुणालाच आठवत नाही.

आचारसंहितेतही नेमकेपणा हवा. जागेवर सुरू असलेलं काम थांबत नाही. पण कार्यारंभ आदेश हातात असूनही जागेवर प्रत्यक्ष सुरुवात नसेल तर ते सुरू करता येत नाही. निवडणूक जवळ असेल तर आखणी आणि खोदाई लगेच सुरू करून लेव्हल बुकात नोंद करून घ्या.

लेखाशीर्ष

चाचण्यांच्या तारखांबद्दल जोडतो, कारण लेखापरीक्षणात परिच्छेद, म्हणजे आक्षेप इथूनच निघतात. ६० घनमीटरचा स्लॅब धरा. आयएस ४५६ प्रमाणे ५० घनमीटरपर्यंत चार नमुने, पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक, म्हणजे पाच. प्रत्येकी तीन घन (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे), एकूण १५, सात दिवसांचे वेगळे. स्लॅब १२ डिसेंबरला ओतला तर २८ दिवसांची चाचणी ९ जानेवारीला. आता तपासणारा काय करतो? एमबीतली ओतकामाची तारीख, प्रयोगशाळेच्या अहवालातली घन भरल्याची तारीख आणि सिमेंट नोंदवहीतली त्या दिवशीची खपत शेजारी ठेवतो. तिन्ही जुळल्या तर पान उलटतो. घन भरल्याची तारीख १४ डिसेंबर असेल तर पाच वर्षांनी नोटीस येते, तोवर त्या जागेवरचे सगळे बदलून गेलेले असतात. खासगीत हेच अहवाल पीएमसी बघते, पण काम हस्तांतरित झाल्यावर त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

स्थापत्य_नवखा

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न : समन्वयात काय वेगळं असतं? खासगीत तर एमईपीची (यांत्रिक, विद्युत आणि नळकामाची) बैठक दर आठवड्याला होते.

वास्तुरेखा

चांगला प्रश्न. सार्वजनिक बांधकाम विभागात विद्युत शाखा वेगळी, तिचं अंदाजपत्रक वेगळं आणि निविदाही बहुधा वेगळी. स्थापत्याची निविदा लागते, विद्युतची सहा महिने मागे असते, आणि स्लॅब ओतायच्या दिवशी पाइप टाकायला माणूसच नसतो. मग पुढे प्लास्टर झालेल्या भिंती कापून पाइप जातात, छतावर उघडी पट्टी येते आणि चिरांतून पाणी उतरतं.

पहिला स्लॅब येण्याआधी, म्हणजे पायाचं काम चालू असतानाच, कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या : एकतर विद्युत ठेकेदाराची नेमणूक अमुक तारखेपर्यंत, नाहीतर स्लॅबमधले पाइप, पंख्याचे हुक-बॉक्स आणि जंक्शन बॉक्स अतिरिक्त बाब म्हणून स्थापत्याच्या कामात घ्या, दर विद्युतच्या दरसूचीप्रमाणे. पत्रासोबत प्रत्येक स्लॅबचं चित्र जोडा, त्यावर बॉक्सची जागा आणि संख्या. हीच ईआयआरएल वेळेत मंजूर होते, कारण रक्कम लहान असते आणि कारण स्पष्ट असतं.

ओतकामाच्या आदल्या संध्याकाळी तपासा : बॉक्सची तोंडं भुशाने किंवा थर्माकोलने बंद आहेत का, पाइप खालच्या आणि वरच्या जाळीच्या मध्ये बांधले आहेत का, एका ठिकाणी तीन-चार पाइप एकावर एक आले आहेत का, मलनिस्सारणाच्या स्लीव्ह तुळईतून जात नाहीत ना. आणि त्या तपासणीच्या तक्त्यावर दोन्ही शाखांच्या कनिष्ठ अभियंत्यांच्या सह्या घ्या, त्याच संध्याकाळी.